संध्याकाळी पाच ते आठ: सोसायटी कुटुंबांसाठी चांगली करायची म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवली पूर्वेला नव्वदेक फ्लॅटची सोसायटी, निम्म्याहून जास्त घरांत नवरा-बायको दोघंही लोकलने मुंबईला जाणारे. नव्या कमिटीला सोसायटी ‘मुलाबाळांच्या घरांसाठी चांगली’ करायची आहे. घसरगुंडी-झोपाळ्यांचं कोटेशन आलंय, क्लबहाउस रंगवायचंय, वर्षभराच्या सणांचे कार्यक्रम ठरवायचेत. पण तीन भांडणं काही मिटत नाहीत. मुलांचा चेंडू गाड्यांना लागतो, पहिल्या मजल्यावर पाळणाघर सुरू करायला काहींचा विरोध आहे आणि वॉचमनची मुलं ‘आपल्या’ मुलांत खेळतात याला दोघा-तिघांची हरकत आहे. सुरुवात कुठून करावी, असं सेक्रेटरींनी विचारलंय.

मी डोंबिवलीतच पाळणाघर चालवते, वीसहून जास्त वर्षं झाली. आजूबाजूच्या सोसायट्यांच्या कमिट्यांमध्ये मला अधूनमधून बोलावतात, त्यामुळे हे तिन्ही वाद मला नवे नाहीत.

घसरगुंडीचं कोटेशन सध्या फाइलमध्ये राहू द्या. आधी कुठल्याही साध्या मंगळवारी किंवा बुधवारी कमिटीतल्या कुणीतरी संध्याकाळी साडेचार ते साडेआठ गेटपाशी खुर्ची टाकून बसा. वही-पेन घेऊन बसा, मोबाइल नको. शाळेची व्हॅन कुणाला सोडते, त्यातल्या कोणत्या मुलाच्या दप्तराला घराची चावी लटकलेली आहे, कोण ट्यूशनला रिक्षाने जातं, कुणाची आजी गुडघे धरत खाली येते, कोण जिन्यात बसून वेफर्स खात वाट बघतं, एवढंच लिहा. फोर्टातलं ऑफिस सहाला सुटलं तरी सीएसएमटीहून फास्ट गाडीलाही तासभर लागतो. पुढे स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग आणि भाजी. आई-बाप दारात येईपर्यंत साडेसात-आठ होतात. शाळा सुटल्यापासून तोवर पोर कुणाचं, याचं उत्तर ज्या इमारतीत आहे ती इमारत कुटुंबांसाठी चांगली. तिथे झोपाळा नसला तरी चालतं. आणि उत्तर नसेल, तर १५ ऑगस्टला कितीही मोठं झेंडावंदन करा, त्या आईचा जीव रोज कुर्ल्याच्या पुढे टांगणीलाच लागलेला असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक मुलाला इमारतीत ‘दुसरं घर’ ठरवून देणं. आई-बाबा येऊ शकले नाहीत तर मूल हक्काने ज्या दारात जाईल ते घर. शेजारी काय, बघतीलच, असं तोंडी नको. लिहून ठेवा. एका कागदावर मुलाचं नाव, दुसऱ्या घराचा फ्लॅट नंबर, शाळेतून किंवा व्हॅनमधून कुणी न्यायचं त्याची आई-वडिलांच्या सहीची परवानगी, मुलाला कशाची अ‍ॅलर्जी, कोणतं औषध चालू, डॉक्टर कोण, आणि आजोळचा किंवा मामा-काकाचा एक नंबर. त्याची एक प्रत शाळेत, एक त्या दुसऱ्या घरात, एक सेक्रेटरींकडे बंद पाकिटात. व्हॉट्सॅप ग्रुपवर हे टाकू नका. कोणतं मूल किती वाजता एकटं असतं ही माहिती दीडशे मोबाइलमध्ये फिरवायची नसते.

याचा उपयोग काय, हे आमच्या लाइनवर राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ ला कळलं. दुपारनंतर गाड्या बंद, फोन लागेना, कोण दादरला अडकलंय आणि कोण घाटकोपरला, काही पत्ता नाही. त्या रात्री माझ्याकडची बरीच मुलं घरी जाऊच शकली नाहीत. वीज नव्हती. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मोठ्या पातेल्यात मऊ खिचडी पाठवली, कुणी चादरी दिल्या. दीड-दोन वर्षांची होती ती दुधावर आणि अंगाईवर झोपली. पण आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा झोपेना. तो दर थोड्या वेळाने येऊन विचारायचा, “बाई, आईला माहितीये ना मी तुमच्याकडेच आहे?” त्याच्या आईला ते माहीत होतं, कारण आमचं आधीच ठरलेलं होतं की काहीही झालं तरी मूल माझ्याकडून हलणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती रुळांतून चालत घरी पोचली तेव्हा म्हणाली, “चालताना तेवढा एकच आधार होता.” इतका पाऊस रोज पडत नाही. पण ओव्हरहेड वायर तुटते, मेगाब्लॉक लांबतो, ऑडिट असतं, बॉस मीटिंग वाढवतो. दुसऱ्या घराची गरज वर्षातून पाच-सात वेळा तरी पडतेच.

दुसरं घर कुणाचं असावं? लोक पहिल्यांदा निवृत्त जोडप्याकडे बोट दाखवतात. जरा थांबा. त्या आजी बहुतेक वेळा स्वतःच्या नातवंडाला सांभाळून आधीच दमलेल्या असतात. गावचं घर, मैत्रिणी, देऊळ सोडून लेकाच्या फ्लॅटमध्ये आलेली आजी म्हणजे फुकटचं पाळणाघर नव्हे. तिलाही आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळ्या हव्यात, आणि त्या मिळवून देणं हे तुमच्या योजनेतलंच काम समजा. ज्यांची मुलं दहावी-बारावीत आहेत त्या घरांकडे बघा. तिथे संध्याकाळी कुणीतरी असतंच, घरात अभ्यासाचं वातावरण असतं आणि मुलं नुकतीच मोठी झालेली असल्याने लहानांची सवयही मोडलेली नसते. दोन नोकरदार घरं एकमेकांची दुसरी घरं होऊ शकत नाहीत. दोन्ही आया एकाच गाडीत अडकतात.

आता पाळणाघर. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं सहसा दोन प्रकारचं असतं. रडण्याचा आवाज येईल आणि परके लोक इमारतीत येतील. ‘निवासी जागेत धंदा’ हा मुद्दा त्यानंतर आठवतो. तो मुद्दा खोटा नाही. तुमचे उपविधी काढून वाचा, पालिकेच्या नगररचना विभागाला लेखी विचारा आणि मग सर्वसाधारण सभेत ठराव करा. वर्षभर चाललेलं पाळणाघर एका तक्रारीने बंद पडलं की मुलांचे फार हाल होतात, त्यामुळे कागद आधी करा. परक्यांच्या येण्यावर सोपा तोडगा आहे. पहिली दोन वर्षं फक्त इमारतीतली आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींतली मुलं घ्यायची. आवाजाचं म्हणाल, तर दुपारी दीड ते चार पाळणाघर इमारतीतल्या कुठल्याही घरापेक्षा शांत असतं. सगळी झोपलेली असतात.

परवानगी देताना अटी मात्र कडक ठेवा. दोन वर्षांखालची मुलं असतील तर एका बाईकडे तीन, फार तर चार. एका वेळी किमान दोन मोठी माणसं घरात, कारण एक बाई बाथरूमला गेली की दुसरी हवीच. मदतनीस बाईंसह सगळ्यांची पोलीस पडताळणी. खिडक्यांना ग्रिल, गॅसचा कॉक मुलांच्या हाताबाहेर, बाथरूममध्ये पाण्याने भरलेली बादली उभी नको. रांगतं मूल बादलीत डोकं घालून बुडतं आणि आवाजही होत नाही. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात लहानग्या मुलीला मारहाण होतानाचं सीसीटीव्ही चित्रण टीव्हीवर दिसलं आणि तेव्हापासून पालक पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतात. कॅमेरा असावा, माझी ना नाही. पण माझा भरवसा उघड्या दारावर जास्त आहे. कोणत्याही पालकाने न कळवता, कोणत्याही वेळी यावं आणि थेट आतल्या खोलीपर्यंत जावं, ही अट ज्या बाईंना जड वाटते त्यांच्याकडे मूल ठेवू नका.

जाता जाता एक. कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आलं. पण नरिमन पॉइंटच्या ऑफिसातल्या पाळणाघरात सहा महिन्यांचं बाळ डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीतून न्यायचं कसं? आमच्याकडच्या आईला पाळणाघर घराजवळच लागतं. तुमच्या सभेत कुणी “त्यांच्या कंपनीने बघावं” म्हणालं तर त्यांना सकाळची डोंबिवली फास्ट दाखवा.

चेंडूचं भांडण त्या मानाने किरकोळ आहे, पण कमिट्या त्याचं उत्तर नेहमी पाटी लावून देतात. ‘येथे खेळण्यास सक्त मनाई’. पाटी लागली की मुलं वर जातात आणि मोबाइल घेऊन बसतात, मग तेच सभासद “हल्लीची मुलं खेळतच नाहीत” म्हणत कट्ट्यावर बसतात. मंजूर नकाशा बाहेर काढा. त्यात आर.जी. (रिक्रिएशन ग्राउंड) म्हणून दाखवलेली मोकळी जागा किती आहे आणि आज तिथे किती गाड्या उभ्या आहेत ते मोजा. ती जागा खेळायची आहे, पार्किंगला देता येत नाही. ती मोकळी करणं हे घसरगुंडी विकत घेण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण गाड्या सभासदांच्या असतात. तरी ते करा. बाकी नियम मुलांनाच करू द्या. त्यांना सगळे येतात: टेनिस बॉल, अंडरआर्म, गाडीला लागला की आउट, तळमजल्याच्या ग्रिलवर एक टप्पा आउट. परीक्षेच्या दिवसांत लगोरी आणि क्रिकेट बंद, लंगडी आणि विषामृत चालू. मोठ्यांनी फक्त वेळ ठरवायची, आणि ठरलेल्या वेळेत कुणी खिडकीतून ओरडायचं नाही, हे लेखी घ्यायचं.

क्लबहाउस रंगवाच, पण ते सातव्या मजल्यावर असेल आणि चावी खजिनदारांकडे असेल तर तिथे वाढदिवसांशिवाय काही होणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम केलं तेव्हा पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. तुमचं अंगण म्हणजे स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या तळाशी खांबांमधली, लिफ्टजवळची जागा. एक सतरंजी, पुस्तकांचं एक कपाट, एक ट्यूबलाइट आणि पंखा तिथे लावा. साडेपाच ते साडेसात कॉलेजातली एक मुलगी किंवा मुलगा तिथे बसेल, त्याला दरमहा मानधन द्या. ‘समाजसेवा म्हणून’ फुकट नको, फुकटचं काम दिवाळीनंतर बंद पडतं. घसरगुंडीच्या पैशांत हे मानधन निदान वर्षभर निघेल.

आता वॉचमनची मुलं. इथे मी मवाळ बोलणार नाही. ज्या माणसाच्या हातात तुम्ही रात्री गेट सोपवता, त्याच्या मुलीने तुमच्या मुलीबरोबर लपंडाव खेळायचा नाही, हे सभेच्या इतिवृत्तात लिहिण्याची हिंमत हरकत घेणाऱ्यांपैकी कुणाची होते का ते विचारून बघा. होत नाही. लेखी हरकत मागितली की ती तिथेच संपते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘कुटुंबांसाठी’ म्हणताना पंपाच्या खोलीशेजारी राहणारं ते कुटुंब धरलंय की नाही, हे कमिटीने आधी ठरवावं. कारण मदतीची खरी गरज तिथे आहे, आणि बरीचशी मदत सरकारने देऊ केलेलीच आहे. फक्त कुणीतरी बरोबर जायला लागतं.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना पूरक आहार, लसीकरण, तपासणी, शाळेआधीचं शिक्षण मिळतं, गरोदर आणि स्तनदा मातांना आहार मिळतो. फी नाही. पण परप्रांतातून आलेल्या बाईला सर्वांत जवळची अंगणवाडी कोणत्या गल्लीत आहे हेच माहीत नसतं. मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५००० रुपये मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर ६०००. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. बँकेत जाऊन खातं जोडून देणं हे तुमच्या निवृत्त बँकवाल्या काकांचं एका सकाळचं काम आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचा अर्ज ऑनलाइन असतो आणि राहत्या जागेच्या पुराव्यावर अडकतो, म्हणून प्रवेशाची घोषणा होण्याआधी दोन-तीन महिने कागदांची यादी तपासा. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ झालं आहे. इमारतीत कामाला येणाऱ्या सगळ्या मावशींची नोंदणी एका रविवारी क्लबहाउसमध्ये बसून फॉर्म भरून करता येते. मावशी आजारी पडली की तुमच्या किती घरांची सकाळ कोलमडते ते तुम्हालाच ठाऊक, तेव्हा याला उपकार म्हणू नका.

मुलांच्या सुरक्षिततेचं एक वाक्य ठरावात असूच द्या. बदलापूर इथून काही स्टेशनांवरच आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शाळेतलं लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आल्यावर आमच्या भागातले पालक कित्येक दिवस झोपले नव्हते. मुलाच्या बाबतीत असं काही कानावर आलं तर ‘इमारतीची बदनामी नको’ म्हणून कमिटीत मिटवायचं नसतं. पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लिफ्टमध्ये मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा.

सण. यावर कमिट्या सगळ्यात जास्त वेळ घालवतात, मी कमी घालवीन. कार्यक्रम संध्याकाळी सातला ठेवू नका, निम्म्या आया गाडीत असतात. रविवार सकाळ बरी. बोरन्हाण सगळ्या लहानग्यांचं एकत्र करा, त्याला खर्च चुरमुरे-बोरं-हलव्याचा. हळदीकुंकू करणार असाल तर इमारतीतल्या सगळ्या बायकांना बोलवा, ज्यांचा नवरा वारला आहे त्यांनाही, ज्या एकट्या मूल वाढवताहेत त्यांनाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गावाला जमलं ते सोसायटीला जमायला हरकत नसावी.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. दिवाळीचा किल्ला मुलांना करू द्या. माझ्या पाहण्यात मुलांसाठी याहून चांगला कार्यक्रम नाही. सहामाही संपली की तीन-चार दिवस दगड, विटा, पोती गोळा होतात, माती कालवली जाते, बुरूज कोसळतो, पुन्हा उभा राहतो. अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची वाट बघावी लागते. महाराजांच्या सिंहासनाची जागा ठरवताना भांडण होतं, आणि मावळा कुणाचा, तोफ कुणाची, यावरून अबोला. पाच वर्षांचं पोर पाणी आणतं, दहावीतला मुलगा भुयार खोदतो. तमिळ, गुजराती, भय्यांची, वॉचमनची, सगळी मुलं त्या चिखलात एकसारखीच दिसतात. मोठ्यांनी दोनच गोष्टी करायच्या: माती आणून टाकायची आणि स्पर्धा ठेवायची नाही. परीक्षक आले की बाबा लोक थर्माकोल घेऊन खाली उतरतात आणि मुलं बाजूला उभी राहून बघतात. टाइल्स खराब होतील म्हणून हरकत येईल. खाली जुना फ्लेक्स अंथरा, भाऊबिजेनंतर सगळ्यांनी मिळून धुवा.

बाळंतीण घरी आली की काय करावं, हेही एकदा ठरवून टाका. बाळ बघायला गर्दी नको. पहिले पंधरा दिवस रोज एका घरातून रात्रीचा डबा, दारात ठेवायचा, बेल वाजवायची, आत बसायचं नाही. पोळी-भाजी केंद्रातून आणला तरी चालेल, आपल्या गावात त्यांची कमी नाही. माहेर लांब असलेल्या मुलीला या डब्याचं मोल किती असतं ते तिला विचारा. तिच्या नवऱ्याला बाळाची लंगोट बदलायला आणि रात्रीचं जागरण वाटून घ्यायला सांगणारा एखादा अनुभवी बाप इमारतीत असला तर फारच उत्तम.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे तुमच्या हातात थोडाच वेळ आहे. विषयपत्रिकेवर ‘कुटुंबस्नेही उपक्रम’ असा गुळमुळीत विषय घालू नका, त्यावर तासभर भाषणं होतील. चार वेगळे ठराव घाला: आर.जी.ची जागा मोकळी करणे, स्टिल्टखालच्या संध्याकाळच्या वर्गाचं मानधन, पाळणाघराला अटींसह परवानगी आणि दुसऱ्या घराची नोंदवही. कमिटीतल्या दोन महिला सदस्यांच्या जागा फक्त सहीपुरत्या भरल्या असतील तर नोंदवहीचं काम त्यांच्याकडे अधिकारासह द्या. पाळणाघराचा ठराव मात्र ज्यांना पाळणाघर हवंय त्या आई-बापांनी मांडू नये. ज्यांची मुलं पुण्या-बंगलोरला नोकरीला गेली आहेत अशा एखाद्या काकांना मांडायला सांगा आणि अनुमोदन ज्यांच्या पायाखाली तो फ्लॅट येतो त्या दुसऱ्या मजल्यावरच्यांचं घ्या. त्यांच्याकडे सभेआधी चहाला जा, पाळणाघराच्या बाईंना बरोबर घेऊन जा, आणि दुपारी दीड ते चारचं ते आधीच सांगून टाका.